चिकन सँडविच, रविवारची सुट्टी आणि मालकाची श्रद्धा : चिक-फिल-एच्या परदेशातील विस्तारावरचा वाद

चिक-फिल-ए ही अमेरिकेतील चिकन सँडविचची साखळी आता ब्रिटन आणि सिंगापूर या देशांत पाय रोवू पाहत आहे. ब्रिटनसाठी तिने दहा वर्षांत १० कोटी डॉलर, तर सिंगापूरसाठी तेवढ्याच काळात ७.५ कोटी डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले आहे. खाद्यपदार्थांची एखादी कंपनी नव्या देशात गेली, तर बातमी व्यापाराच्या पानावर येऊन संपते. या कंपनीच्या बाबतीत मात्र समलिंगी विवाह, बायबल, देणग्या आणि बहिष्कार हे शब्द प्रत्येक बातमीत येतात, आणि तळलेल्या चिकनचा त्या सगळ्याशी काय संबंध, हे सामान्य वाचकाला उमगत नाही.

भारतीय वाचकाला कोडे पडण्याचे आणखी एक कारण आहे. परदेशी साखळ्या ग्राहकाच्या धर्मापुढे वाकतात, हे आपण पाहत आलो आहोत. मॅकडॉनल्ड्स भारतात गोमांस आणि डुकराचे मांस विकत नाही. केएफसीला मलेशियात सगळे हलाल ठेवावे लागते आणि ब्रिटनमध्येही तिच्या अनेक शाखा हलाल आहेत. तिथे ग्राहकाच्या श्रद्धेप्रमाणे दुकान बदलते. चिक-फिल-एच्या वादात श्रद्धा मालकाची आहे, आणि प्रश्न ग्राहकाला पडतो आहे.

कंपनी कोणाची आणि कशी

ट्रूएट कॅथी यांनी आपल्या भावाबरोबर १९४६ मध्ये जॉर्जिया राज्यातील अटलांटाजवळच्या हेपव्हिल गावात एक छोटे उपाहारगृह सुरू केले. कॅथी सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे होते. बायबलला शब्दशः प्रमाण मानणारा आणि अमेरिकेच्या दक्षिणेत मोठा पाया असलेला हा प्रोटेस्टंट पंथ आहे. रविवार हा उपासनेचा आणि विश्रांतीचा दिवस, म्हणून कॅथींनी पहिल्यापासून रविवारी दुकान बंद ठेवले. चिक-फिल-ए या नावाची पहिली शाखा १९६७ मध्ये अटलांटातील ग्रीनब्रायर मॉलमध्ये उघडली. आज अमेरिकेत तिच्या तीन हजारांहून अधिक शाखा आहेत, आणि आठवड्यातील सहाच दिवस उघडी राहूनही ती विक्रीच्या बाबतीत त्या देशातील सर्वांत मोठ्या साखळ्यांमध्ये गणली जाते.

श्रद्धा ही मालकाची खासगी गोष्ट आणि कंपनी हा निव्वळ धंदा, अशी विभागणी कॅथींनी कधी केलीच नाही. १९८२ मध्ये, मंदीच्या काळात, कंपनीने आपले उद्दिष्ट लेखी ठरवले. आपल्याकडे सोपवलेल्या सर्व गोष्टींचा निष्ठेने सांभाळ करून देवाचा गौरव करणे आणि कंपनीच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकावर चांगला प्रभाव पाडणे, असा त्याचा आशय आहे. आजही ते कंपनीचे अधिकृत उद्दिष्ट आहे. ट्रूएट कॅथी २०१४ मध्ये वारले. त्यांच्यानंतर मुलगा डॅन कॅथी आणि २०२१ पासून नातू अँड्र्यू कॅथी अशी सूत्रे घरातच राहिली.

इथे मालकीची रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. बहुतेक मोठ्या साखळ्यांचे शेअर बाजारात विकले जातात. त्यांचे मालक म्हणजे लाखो लोक, निवृत्तिवेतन निधी आणि विमा कंपन्या असतात, आणि या सगळ्यांचे मिळून एक धार्मिक मत असूच शकत नाही. चिक-फिल-ए मात्र पूर्णपणे कॅथी कुटुंबाच्या मालकीची आहे, आणि ती शेअर बाजारात नेणार नाही असा शब्द संस्थापकाने आपल्या मुलांकडून घेतला होता. त्यामुळे ‘मालकाचे मत’ असे म्हटले की बोट कोणाकडे दाखवायचे, हे इथे स्पष्ट असते, आणि नफ्याचा शेवटचा मुक्काम कुठे आहे हेही.

दुसरी गोष्ट शाखा चालवणाऱ्याची. फ्रँचायझी म्हणजे कंपनीचे नाव, पाककृती आणि पद्धत वापरून स्वतःच्या भांडवलावर शाखा चालवण्याचा परवाना. इतर साखळ्यांमध्ये तो घेण्यासाठी मोठे भांडवल उभे करावे लागते. चिक-फिल-ए अमेरिकेत शाखा चालवणाऱ्याकडून, म्हणजे तिच्या भाषेत ‘ऑपरेटर’कडून, केवळ १० हजार डॉलर घेते, जागा आणि यंत्रसामग्रीचा खर्च कंपनी करते आणि त्या बदल्यात विक्रीचा १५ टक्के व नफ्याचा निम्मा भाग स्वतःकडे ठेवते. ऑपरेटर होण्यासाठी दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि त्यांतून मोजक्यांची निवड होते. शाखा चालवणारा माणूस स्थानिक असला, तरी शाखेच्या कमाईचा मोठा वाटा अटलांटाकडे जातो तो या रचनेमुळे.

२०१२ मध्ये काय घडले

रविवारच्या सुट्टीवर अमेरिकेत कोणी फारसा आक्षेप घेतला नव्हता. वाद पेटला तो २०१२ च्या उन्हाळ्यात. डॅन कॅथी यांनी एका मुलाखतीत आपण बायबलमधील कुटुंबसंस्थेचे समर्थक असल्याचे ठामपणे सांगितले, आणि त्याआधी एका रेडिओ कार्यक्रमात विवाहाची व्याख्या बदलू पाहणारे लोक देशावर देवाचा कोप ओढवून घेत आहेत, अशा अर्थाचे विधान केले. अमेरिकेतील अनेक राज्यांत तेव्हा समलिंगी विवाह कायदेशीर नव्हता आणि त्यावरचा झगडा ऐन भरात होता.

केवळ बोलण्यावर प्रकरण थांबले असते, तर ते काही आठवड्यांत विरले असते. पण अमेरिकेत धर्मादाय संस्थांना आपली विवरणपत्रे सार्वजनिक करावी लागतात, आणि समलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी ती आधीच चाळली होती. कॅथी कुटुंबाच्या विनशेप फाउंडेशन या प्रतिष्ठानाला कंपनीकडून पैसा मिळत असे, आणि त्या प्रतिष्ठानाने समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या संघटनांना मोठ्या रकमा दिल्याचे त्यांत दिसत होते. देणगी मिळालेल्यांत एक्झोडस इंटरनॅशनल ही संस्थाही होती. समलिंगी माणसांचा लैंगिक कल प्रार्थनेने व समुपदेशनाने बदलता येतो, असा तिचा दावा होता. तिने अनेकांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागून २०१३ मध्ये आपले काम बंद केले.

विनशेपचे सगळे काम असे नव्हते, हेही त्याच गांभीर्याने सांगायला हवे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या प्रतिष्ठानाने निराधार मुलांसाठी घरे चालवली आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. कंपनीवर प्रेम करणारे लोक या कामाकडे बोट दाखवतात आणि विरोधक त्या विवरणपत्रांकडे; दोघेही खरी गोष्टच सांगत असतात.

श्रद्धा, रिवाज आणि पैसा

या वादात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. त्या वेगळ्या करण्यासाठी एका गावातील पिठाच्या गिरणीची कल्पना करा. गिरणीचा मालक श्रद्धाळू आहे. त्याची श्रद्धा ही पहिली गोष्ट, आणि ती सर्वस्वी त्याची आहे. तो एकादशीला गिरणी बंद ठेवतो. हा रिवाज झाला, आणि आदल्या दिवशी दळण उरकून घेतले की गावाची त्याबद्दल तक्रार राहत नाही. तो दळण आणणाऱ्याची जात किंवा धर्म विचारत नाही, सर्वांशी आदराने वागतो आणि पीठही उत्तम देतो. पण एके दिवशी असे कळते की दळणाच्या पैशातून तो एका मंडळाला दरवर्षी वर्गणी देतो, आणि हे मंडळ गावातील एका वस्तीतल्या लोकांची लग्ने कायद्याने मान्य होऊ नयेत म्हणून खटपट करते. त्या वस्तीतली बाई दळणाचा डबा घेऊन येते तेव्हा तिच्याशी कोणी उद्धटपणे बोलत नाही. मात्र तिने मोजलेल्या पैशांतला काही भाग तिच्याच विरोधात खर्च होत असतो.

चिक-फिल-एवरचा गंभीर आक्षेप या तिसऱ्या गोष्टीवर आहे. मालक चर्चमध्ये जातो किंवा रविवारी दुकान बंद ठेवतो यावर जे रोष धरतात, त्यांचा रोष मला चुकीच्या जागी वाटतो. ‘कोणाच्या श्रद्धेवर का बोट ठेवता?’ असे विचारणारे लोकही मूळ प्रश्नाला बगल देतात, कारण मनातील श्रद्धा आणि दुसऱ्याचे नागरी हक्क रोखण्यासाठी खर्च केलेला पैसा यांत फार मोठे अंतर आहे.

सरकार अशा कंपनीला रोखू शकते का?

२०१२ मध्ये बॉस्टनचे महापौर थॉमस मेनिनो यांनी ही कंपनी आपल्या शहरात नको असे पत्र लिहिले आणि शिकागोतील एका नगरसेवकाने तिचा परवाना अडवण्याची भाषा केली. त्यावर नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या, स्वतः समलिंगी विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या, एसीएलयू या संघटनेच्या इलिनॉय शाखेने कंपनीची बाजू घेतली. मालकाच्या मतांसाठी सरकारने परवाना नाकारणे हे अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असे तिचे म्हणणे होते. ते बरोबर होते. जे सरकार आज एका मतासाठी परवाना नाकारते, ते उद्या उलट मतासाठीही नाकारू शकते.

हा प्रश्न २०१९ मध्ये पुन्हा आला. टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या नगर परिषदेने विमानतळावरील गाळ्यांतून चिक-फिल-एला वगळले, आणि त्याला उत्तर म्हणून टेक्सासने त्याच वर्षी, धार्मिक संस्थांशी असलेल्या संबंधांमुळे किंवा त्यांना दिलेल्या देणग्यांमुळे सरकारी यंत्रणेने कोणाविरुद्ध कारवाई करू नये, असा कायदा केला. ग्राहक मात्र सरकार नाही आणि खासगी मॉलचा मालकही सरकार नाही. ग्राहक पाठ फिरवू शकतो आणि मॉलचा मालक भाडेकरार संपवू शकतो. परदेशात नेमके हेच घडले.

परदेशातील पहिल्या खेपा

कंपनीने देशाबाहेर जाण्याचे प्रयत्न यापूर्वीही केले होते. १९९० च्या दशकात तिने दक्षिण आफ्रिकेत शाखा उघडल्या आणि काही वर्षांत बंद केल्या. त्या वेळी मालकाच्या मतांचा प्रश्न कोणी काढला नव्हता. परक्या बाजारात जम बसला नाही, एवढेच.

२०१९ ची गोष्ट वेगळी होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये टोरंटोत शाखा उघडली, तेव्हा दारात एकीकडे सँडविचसाठी लांबच लांब रांग होती आणि दुसरीकडे समलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्यांची निदर्शने होती. ती शाखा टिकली आणि कॅनडात पुढे आणखी शाखा निघाल्या. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील रेडिंग शहरात, ओरॅकल या मॉलमध्ये, कंपनीने छोटी शाखा थाटली. समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या स्थानिक प्राइड संघटनेने विरोध सुरू केला, आणि शाखा उघडून जेमतेम आठवडा लोटतो तोच मॉलने जाहीर केले की सुरुवातीचा सहा महिन्यांचा प्रायोगिक करार संपला की तो वाढवला जाणार नाही. स्कॉटलंडमधील एव्हिमोर येथे एका रिसॉर्टमध्ये उघडलेली शाखाही फार काळ टिकली नाही.

टोरंटोत जे निभावले ते रेडिंगमध्ये का निभावले नाही, याचे उत्तर ग्राहकांच्या नैतिकतेत शोधू नये, असे मला वाटते. टोरंटोचे लोक कंपनीला सीमेपलीकडून ओळखत होते आणि तिचे चाहते तिथे आधीच होते. रेडिंगच्या बहुसंख्य लोकांनी तिचे नाव पहिल्यांदा ऐकले ते निदर्शनांच्या बातमीत. अमेरिकेत अनेक दशकांचे प्रेम, शाळकरी वयातल्या आठवणी, नम्र सेवेची ख्याती हे सारे वादाच्या आधी जमा झालेले होते. अनोळखी शहरात वाद आधी पोहोचला आणि सँडविच मागाहून.

२०१९ च्या घोषणेने काय बदलले?

रेडिंगचे प्रकरण ताजे असतानाच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, कंपनीच्या स्वतःच्या प्रतिष्ठानाने (चिक-फिल-ए फाउंडेशनने; हे कुटुंबाच्या विनशेपहून वेगळे) पुढील वर्षापासून भूक, बेघरपणा आणि शिक्षण या तीन कामांनाच देणग्या देण्याचे जाहीर केले. समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते ज्यांच्यावर आक्षेप घेत, त्या साल्व्हेशन आर्मी आणि फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स या दोन ख्रिस्ती संस्थांना दिली जाणारी मदत थांबली. समलिंगी विवाहविरोधी गटांना मिळणाऱ्या मोठ्या देणग्या त्याच्या कितीतरी आधीच आटल्या होत्या. या घोषणेने अमेरिकेतील सनातनी ख्रिस्ती समर्थक दुखावले. २०१२ मध्ये आर्कान्सा राज्याचे माजी गव्हर्नर माईक हकबी यांच्या हाकेला ओ देऊन याच लोकांनी १ ऑगस्टला देशभर रांगा लावून कंपनीला पाठिंबा दिला होता. कंपनीने परदेशातील बाजारासाठी आपला शब्द सोडला, अशी भावना त्यांच्यात पसरली. २०२३ मध्ये तर विविधता आणि समावेशनाचा विभाग ठेवल्याबद्दल काही पुराणमतवाद्यांनी उलट बाजूने बहिष्काराची हाक दिली.

घोषणा खरी होती आणि महत्त्वाचीही. पण ती कंपनीच्या प्रतिष्ठानापुरती होती. मालक कुटुंबातील व्यक्तीने आपल्या वाट्याला आलेला नफा वैयक्तिक खात्यातून कोणाला द्यावा, यावर तिचे बंधन नव्हते आणि असू शकतही नव्हते. शेअर बाजारातील कंपनीत हा भेद जवळजवळ निरर्थक ठरतो, कारण तिथे नफा असंख्य हातांत विखुरतो. एका कुटुंबाच्या कंपनीत तो निर्णायक असतो. म्हणून काही लोकांच्या लेखी २०१९ मध्ये वाद संपला आणि काहींच्या लेखी तो तसाच उभा राहिला.

ब्रिटन आणि सिंगापूर

ब्रिटनमधील दुसऱ्या खेपेत कंपनीने पहिल्या वेळच्या चुका टाळलेल्या दिसतात. सहा महिन्यांच्या प्रायोगिक गाळ्याऐवजी दहा वर्षांची गुंतवणूक, स्थानिक ऑपरेटर आणि प्रत्येक नवी शाखा उघडताना स्थानिक संस्थेला २५ हजार डॉलरची देणगी, असे तिचे स्वरूप आहे. लीड्स, लिव्हरपूल, लंडनजवळचे किंग्स्टन अपॉन टेम्स आणि उत्तर आयर्लंड ही ठिकाणे तिने निवडली. उत्तर आयर्लंडचा समाज ब्रिटनच्या इतर भागांपेक्षा अधिक धार्मिक आहे आणि तिथे समलिंगी विवाह २०२० मध्ये, म्हणजे इंग्लंडनंतर सहा वर्षांनी, सुरू झाले. याच प्रदेशातील ॲशर्स बेकरीच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला निकाल इथे उपयोगी आहे. समलिंगी विवाहाचा पुरस्कार करणारे वाक्य केकवर लिहिण्यास ख्रिस्ती बेकरीमालकांनी नकार दिला होता. तो नकार संदेशाला होता, ग्राहकाच्या लैंगिकतेला नव्हता, म्हणून तो भेदभाव ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. ग्राहक समलिंगी आहे म्हणून त्याला माल नाकारणे मात्र बेकायदाच राहिले. चिक-फिल-एने कोणत्याही ग्राहकाला सेवा नाकारण्याचे धोरण कधी ठेवलेले नाही, त्यामुळे या कायद्याशी तिचा संघर्ष होण्याचे कारण नाही.

सिंगापूरची परिस्थिती आणखी निराळी आहे. तिथे पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ अ हे कलम संसदेने २०२२ मध्ये रद्द केले, आणि त्याच वेळी विवाहाची स्त्री-पुरुष ही व्याख्या न्यायालयीन आव्हानांपासून सुरक्षित राहील अशी घटनादुरुस्तीही केली. पिंक डॉट या समलिंगी समुदायाच्या वार्षिक मेळाव्याला परदेशी कंपन्यांनी पैसा पुरवू नये, असे सरकारने २०१६ मध्ये बजावले आणि पुढे नियम अधिक कडक केले. गूगलसारख्या कंपन्यांना तेव्हा मागे हटावे लागले होते. देशातील सामाजिक वादांत परदेशी पैसा नको, अशी तेथील सरकारची भूमिका आहे, आणि ती मेळाव्याच्या बाजूने येणाऱ्या पैशाला लागू असेल तर विरोधातील पैशालाही तिच्याच तर्काने लागू व्हायला हवी. पहिल्या शाखेसाठी कंपनीने बुगिस प्लस हा मॉल निवडला. त्या भागात फिरकणाऱ्या मराठी कुटुंबांच्या जेवणाच्या बेतातही हा प्रश्न येऊ शकतो.

काही अपेक्षित आक्षेप

‘प्रत्येक कंपनीच्या मालकाला काही ना काही मते असतातच, मग हिच्याच मागे का लागायचे?’ हा आक्षेप वरवर रास्त दिसतो. पण या कंपनीने आपली श्रद्धा स्वतःच उद्दिष्टात लिहिली, रविवारच्या बंद दारावर ती दाखवली, आणि मालकाने ती मुलाखतीत सांगितली. जी गोष्ट कंपनी अभिमानाने मिरवते, तिच्याबद्दल प्रश्न विचारणे म्हणजे कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावणे नव्हे.

‘बहिष्कार ही असहिष्णुता नाही का?’ सरकारी बंदी आणि ग्राहकाची निवड यांत गल्लत केली की असे वाटू लागते. आपले पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवणे हा ग्राहकाचा तितकाच हक्क आहे, जितका रविवारी दुकान बंद ठेवणे हा मालकाचा. कंपनीच्या समर्थकांनीही २०१२ मध्ये तोच हक्क रांगा लावून बजावला. काउंटरवरच्या कामगाराला अपमानित करणे मात्र या हक्कात बसत नाही. तिथे सहसा विद्यार्थी किंवा स्थलांतरित असतात, आणि देणग्यांचा निर्णय त्यांनी घेतलेला नसतो.

‘रविवारची सुट्टी इतर धर्मीयांवर लादली जाते’ असेही म्हटले जाते. कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर फास्ट फूडच्या धंद्यात आठवड्यातून एक ठरलेली सुट्टी मिळणे दुर्मीळ आहे, आणि ख्रिस्ती नसलेल्या कामगारालाही ती मिळते. अडचण येते ती सार्वजनिक जागी. अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये अमेरिकी फुटबॉलचे बहुतेक सामने रविवारी असतात आणि तिथला चिक-फिल-एचा गाळा एरवी त्या दिवशी बंद असतो. न्यू यॉर्क राज्यात महामार्गावरील विश्रांतिस्थळांची दुकाने सातही दिवस उघडी असावीत, असे विधेयक २०२३ मध्ये मांडले गेले ते याच कारणाने. मॉलमधील एका गाळ्याशेजारी दुसरा असतो, पण महामार्गावर रविवारी भुकेल्या प्रवाशापुढे पर्याय कमी असतात. म्हणून सार्वजनिक जागेचा ठेका देताना सर्व अर्जदारांना सारखा लागू होणारा, वेळेपुरता नियम करणे सरकारला शक्य आहे. मालकाचे मत तपासणे शक्य नाही.

आणि शेवटी, ‘सँडविच चांगले असेल तर बाकीचे कशाला पाहायचे?’ ज्याच्या लग्नाचा प्रश्न कधी मतदानाला लागला नाही, त्याला असे म्हणणे सोपे जाते. इतरांना कंपनीची आजची देणगी-धोरणे, प्रतिष्ठानाची वार्षिक विवरणपत्रे आणि स्थानिक शाखेतील कामगारांना मिळणारी वागणूक हे सगळे तपासून निर्णय घ्यावा लागतो. अमेरिकेतील प्रतिष्ठानांची विवरणपत्रे आजही सार्वजनिक आहेत आणि लीड्स किंवा सिंगापूरमध्ये बसून कोणालाही ती वाचता येतात.